निवृत्त हत्तीरक्षकाने आपल्या हत्तिणीला पुन्हा भेटायला जावे का?

औदुंबर (धागाकर्ता)

माझे मामा एका महानगरपालिकेच्या प्राणिसंग्रहालयात २६ वर्षे हत्तीरक्षक होते आणि गेल्या वर्षीच्या मे महिन्यात निवृत्त झाले. शहराचे आणि हत्तिणीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न त्या संस्थेविषयी नाही. निवृत्तीच्या दिवशी कार्यालयात शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार झाला. तो आटोपल्यावर मामा नेहमीप्रमाणे चार वाजता हत्तीखान्यात गेले, तिला संध्याकाळचा चारा घातला, चाव्यांचा जुडगा नव्या रक्षकाच्या हाती दिला आणि घरी आले. त्यानंतर ते एकदाही तिकडे फिरकलेले नाहीत. घरापासून ते ठिकाण बसने २० मिनिटांवर आहे. मामी सांगते, की अजूनही पहाटे साडेचारला उठून ते अंगणात उभे राहतात आणि उजाडेपर्यंत आत येत नाहीत.

आम्ही सगळे “एकदा जाऊन या” असे म्हणत राहिलो. परवा त्यांनी पहिल्यांदाच कारण सांगितले. ते म्हणाले, “मला बघून ती कठड्याशी येईल. मी लोकांच्या बाजूला उभा असेन. आता माझ्याकडे चावी नाही, हे तिला कसे सांगू?”

यावर मला उत्तर सुचले नाही. येथे वनखात्यातील, पशुवैद्यकीय क्षेत्रातील आणि प्राण्यांवर मनापासून प्रेम करणारे अनेक जण आहेत, म्हणून विचारतो. इतक्या वर्षांच्या सहवासातून हत्तीच्या मनात जे तयार होते, त्याला नेमके काय म्हणावे? आणि मामांनी जाणे हे तिच्या हिताचे आहे का? त्यांच्या समाधानाचा प्रश्न मी वेगळा ठेवतो.

शमी

जाऊ द्या त्यांना. हत्ती विसरत नाही असे आपण लहानपणापासून ऐकतो. तिने आठवण ठेवली असेल आणि तिचा माणूसच आला नाही, तर त्याचेही दुःख तिला होतच असेल.

वैनगंगाकाठ

मी वनखात्यात होतो आणि नोकरीची बरीच वर्षे गडचिरोली जिल्ह्यात काढली. कमलापूरचा हत्ती कॅम्प मी जवळून पाहिला आहे. तिथले चित्र प्राणिसंग्रहालयापेक्षा फार वेगळे आहे, पण माणूस आणि हत्ती यांच्यातले नाते कसे बनते हे समजायला त्याचा उपयोग होईल, म्हणून सविस्तर लिहितो.

तिथले हत्ती पूर्वी लाकूड ओढण्याच्या कामासाठी होते. प्रत्येक हत्तीमागे एक माहूत आणि त्याच्या हाताखाली चाराकटर असतो. दिवसाची कामे झाली, की पायात लांब साखळी अडकवून हत्तींना जंगलात चरायला सोडतात. सकाळी माहूत आणि चाराकटर जमिनीवर उमटलेल्या साखळीच्या ओरखड्यावरून माग काढत निघतात. कधी एक कोस, कधी तीन कोस. हत्ती दिसला, की माहूत लांबूनच आवाज देतो आणि मग थांबतो. हे थांबणे मला फार महत्त्वाचे वाटते. हत्ती मान कशी वळवतो, कान कसे हलवतो, सोंडेतला फाटा टाकतो की खात राहतो, हे पाहून माहूत ठरवतो की आज सरळ जवळ जायचे की थोडा वेळ बसून विडी ओढायची. त्या दहा मिनिटांत दोघांचा दिवस ठरतो. मी एका जुन्या माहुताला विचारले होते, की आपल्याला कसे कळते? तो म्हणाला, “घरात पाऊल टाकल्यावर बायको रागावली आहे हे कसे कळते?”

दरवर्षी थंडीत तिथे चोपिंग असते. झाडपाल्याची औषधे उकळून केलेला गरम लेप हत्तींच्या पायांना लावून शेक देतात आणि तेवढे दिवस हत्तींना सुट्टी असते. एवढा मोठा प्राणी एक पाय उचलून माणसाच्या हाती देतो आणि उरलेल्या तीन पायांवर तोल सांभाळत उभा राहतो. हे भीतीने करून घेता येईल, असे मला वाटत नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. कॅम्पमध्ये माहूत बदलायचा असेल, तर जुना माहूत काही महिने नव्याच्या सोबत राहतो. आधी नवा माणूस फक्त चारा घालतो, मग अंघोळ घालतो, आणि सगळ्यात शेवटी मानेवर बसतो. एका दिवसात चावी दुसऱ्याच्या हाती देऊन घरी जाणे ही गोष्ट मामांना टोचत असेल, तर ती रास्तच आहे. पण ती चूक त्यांची नाही, त्या पद्धतीची आहे.

प्राजक्ता_द

वैनगंगाकाठ यांचे लेखन वाचून आनंद झाला, तरीही मला एक अवघड गोष्ट मांडायची आहे आणि ती कोणाचे मन दुखावण्यासाठी नाही.

ज्या प्राण्याला आईपासून, कळपापासून तोडून आणले, ज्याला खाणे-पिणे, फिरणे, झोपणे या सगळ्यांसाठी एकाच माणसाकडे पाहावे लागते, तो प्राणी त्या माणसाशी जोडला जाणारच. त्याला दुसरे कोण आहे? हत्तिणी आयुष्यभर आई, मावश्या, बहिणी यांच्या सोबत राहतात. एकट्या हत्तिणीने रक्षकावर जीव लावणे हे मला तिच्या एकटेपणाचे माप वाटते. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने नोव्हेंबर २००९ मध्येच हत्तींना प्राणिसंग्रहालयांतून वनखात्याच्या कॅम्पांत हलवावे असा आदेश काढला होता. त्यानंतर इतकी वर्षे गेली, तरी अनेक ठिकाणी हत्ती तिथेच आहेत. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात झिंबाब्वेहून १९९८ साली भेट म्हणून आलेला शंकर नावाचा आफ्रिकन हत्ती जोडीदार गेल्यावर वर्षानुवर्षे एकटा राहिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये गेला. त्याच्याही रक्षकांचे त्याच्यावर प्रेम असेलच. त्या प्रेमाने त्याचा कळप भरून निघाला का?

आणि अंकुशाचे काय? औदुंबर, तुमच्या मामांच्या हातात अंकुश होता का, हे मी आदराने विचारते.

औदुंबर (धागाकर्ता)

प्राजक्ता, आपला प्रश्न मी काल संध्याकाळी मामांना वाचून दाखवला. ते रागावले नाहीत. “होता,” म्हणाले. नोकरीच्या सुरुवातीला ज्यांच्या हाताखाली ते शिकले, त्यांनी पहिल्या दिवशी अंकुश हातात दिला आणि तो कानामागे कुठे लावायचा ते दाखवले. मामांनी तो वापरला. त्या हत्तिणीच्या डाव्या कानामागे एक जुना व्रण आहे आणि तो आपल्यामुळे आहे, असे त्यांनी मला काल प्रथमच सांगितले. सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

पुढे तिथली पद्धत बदलली, हत्तीण आणि रक्षक यांच्या मध्ये लोखंडी गज आले आणि अंकुश कपाटात गेला. मामांना सुरुवातीला ते आवडले नव्हते. गजांमुळे तिच्या कपाळाला हात लावता येत नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. वर्षभरात मात्र त्यांच्या लक्षात आले, की पूर्वी ती बोलावल्यावर येत असे आणि आता आपण होऊन येते. या दोन्हींत फरक आहे, असे ते म्हणतात.

डॉ. पळसमळा

मी पशुवैद्य आहे आणि काही काळ बंदिस्त हत्तींच्या उपचारांशी माझा संबंध आला आहे. मामांनी जो फरक सांगितला, त्याविषयी थोडे लिहितो, कारण चर्चेचा गाभा मला तिथेच दिसतो.

जुन्या पद्धतीत रक्षक हत्तीच्या अगदी शेजारी उभा असतो. त्याची सुरक्षितता एकाच गोष्टीवर टिकून असते, ती म्हणजे हत्तीने त्याला आपल्यापेक्षा वरचढ मानणे. ते मानणे टिकवायला अंकुश लागतो. १९९० च्या सुमारास अमेरिकेत सॅन डिएगो येथे दुसरी पद्धत रुजू लागली. तीत माणूस आणि हत्ती यांच्या मध्ये कायम अडसर असतो. काठीच्या टोकाला चेंडू लावून हत्तीला दाखवतात. त्याने कपाळ, कान किंवा पाय चेंडूला टेकवला, की केळे किंवा कलिंगडाची फोड मिळते. नाही टेकवला तर शिक्षा नाही, तो वळून निघून जाऊ शकतो. ‘नाही’ म्हणण्याची मुभा असणे हा या पद्धतीचा सगळ्यात मोठा गुण आहे.

आता पायांविषयी. बंदिवासातील हत्तींचे पाय हा पशुवैद्याचा मोठा चिंतेचा विषय आहे. आशियाई हत्तीला साधारणपणे पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार नखे असतात. जंगलात रोज मैलोन्‌मैल चालून नखे आणि तळवे झिजतात. सिमेंटच्या ओल्या फरशीवर, मूत्रात, तासन्‌तास उभे राहिल्याने तळव्याला भेगा पडतात, नखे वाढून चिरतात, आत पू होतो आणि तो संसर्ग हाडापर्यंत गेला तर हत्ती हातचा जातो. यावर उपाय रोजचा आहे: पाय धुणे, मोरचुदाच्या पाण्यात बुडवणे, कानशीने नख घासणे, भेगेत अडकलेला खडा काढणे. वर्षाचे ३६५ दिवस. गजांतल्या खिडकीतून पाय बाहेर काढून कट्ट्यावर ठेवायला हत्तीला शिकवलेले असेल, तर हे सगळे बेशुद्ध न करता होते.

क्षयाच्या तपासणीचेही तसेच. हत्तीला माणसापासून आणि माणसाला हत्तीपासून क्षय होऊ शकतो. तपासणीसाठी सोंडेत मिठाचे निर्जंतुक पाणी ओततात, हत्तीने सोंड उंच धरायची आणि मग ते पाणी पिशवीत फुंकायचे. श्वासाच्या वाटेत कोणी पाणी ओतले तर आपण दोन सेकंद तरी सहन करू का? हत्ती करतो, आणि ओतणारा ओळखीचा असेल तरच करतो. म्हणून प्राजक्ता यांना एवढेच म्हणेन, की एकटेपणाविषयी आपण लिहिले ते खरे आहे; पण जो हत्ती आज परत जंगलात जाऊ शकत नाही, त्याच्यासाठी हा विश्वास म्हणजे औषधपाणी आहे.

औदुंबर, मामांनी जावे की न जावे याआधी एक विनंती आहे. २६ वर्षांत त्यांना तिच्याविषयी जे कळले, ते कुठे लिहिलेले आहे का? वजन, औषधे, लसी यांची नोंद कार्यालयात असते. ती कोणत्या पायाला हात लावू देत नाही, कशाला बिचकते, पोट बिघडण्याआधी कशी उभी राहते, हे बहुधा कोणत्याच नोंदवहीत नसते आणि रक्षकाबरोबर घरी जाते.

शमी

डॉक्टरसाहेब, एक शंका आहे. ती मामांना चेहऱ्याने ओळखेल की आवाजाने?

डॉ. पळसमळा

हत्तीची नजर बेताची असते. वास आणि आवाज यांवर त्याची भिस्त अधिक. केनियातील अंबोसेली येथे झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की तिथले रानटी हत्ती केवळ ध्वनिमुद्रित आवाज ऐकून मसाई आणि कांबा या दोन जमातींच्या पुरुषांमधला फरक ओळखतात आणि मसाई पुरुषांच्या आवाजाने अधिक सावध होतात, कारण मसाईंच्या भाल्यांचा त्यांना अनुभव आहे. जो प्राणी अनोळखी माणसांची बोलीही वेगळी काढतो, तो २६ वर्षे रोज ऐकलेला आवाज ओळखेल, असे मी खात्रीने म्हणेन. त्याला काय वाटेल, हे मात्र मी सांगू शकत नाही.

मुठाकाठ

आवाजाचा विषय निघाला म्हणून कोशिकविषयी लिहिते. दक्षिण कोरियातील एव्हरलँड येथील हा आशियाई हत्ती सोंडेचे टोक तोंडात घालून पाच कोरियन शब्दांची हुबेहूब नक्कल करतो: नमस्कार, बस, नाही, आडवा हो, छान. त्याच्यावरचा शोधनिबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. लहान वयात सुमारे पाच वर्षे तो तिथे एकटाच हत्ती होता आणि त्याच्याशी बोलणारी फक्त माणसे होती. संशोधकांचा अंदाज असा, की जवळीक साधण्यासाठी त्याने माणसांचा आवाज उचलला. हे शब्द तो अर्थ जाणून वापरतो असे मात्र त्यांना दिसले नाही.

मी हे प्रथम वाचले तेव्हा कौतुकाने वाचले होते. प्राजक्ता यांचा प्रतिसाद वाचल्यावर तीच गोष्ट आज वेगळी वाटते. ज्या पाच शब्दांची त्याने निवड केली, त्यांतले निम्मे-अधिक रक्षकाचे हुकूम आहेत.

करवीर_निवासी

आमच्या भागात हा विषय अजून ओला आहे. जुलै २०२५ मध्ये नांदणीच्या मठातील महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानंतर जामनगरच्या वनतारा या प्राणी-पुनर्वसन केंद्रात गेली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते. मीही रडलो, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. त्याआधी, २०१४ साली, जोतिबाला अर्पण केलेला सुंदर हत्ती बन्नेरघट्टा येथे हलवला गेला होता. तेव्हा मी हत्तीच्या बाजूने, म्हणजे नेण्याच्या बाजूने होतो. दोन्ही वेळचा मी एकच माणूस आहे आणि ही विसंगती मला अजून सुटलेली नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र खटकली. मठ, न्यायालय, संघटना, पुढारी, गावकरी अशा सगळ्यांच्या भावनांवर चर्चा झाली. रोज पहाटे उठून शेण काढणाऱ्या, पाय धुणाऱ्या माणसाला काय वाटते हे विचारताना मला फारसे कोणी दिसले नाही. म्हणून हा धागा महत्त्वाचा वाटतो. (नांदणीच्या वादावर कृपया येथे चर्चा नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत.)

उगवतीचा_देश

मी गेली १२ वर्षे टोकियोत राहते. येथील उएनो प्राणिसंग्रहालयात मृत प्राण्यांच्या स्मरणार्थ एक शिळा आहे. मुलांना घेऊन तिथे गेले, की मी दोन मिनिटे थांबते.

१९४३ साली, बॉम्बहल्ल्यात प्राणी मोकळे सुटतील असे कारण देऊन, येथील मोठे प्राणी मारण्याचा आदेश निघाला. त्यांत जॉन, वानली आणि टोंकी हे तीन हत्ती होते. सांगतात, की जॉनने विष घातलेले बटाटे ओळखून बाजूला टाकले. अखेर तिघांचेही अन्नपाणी तोडण्यात आले. जॉन ऑगस्टमध्ये गेला. ४ सप्टेंबरला प्राण्यांसाठी शोकसभा झाली, तेव्हा वानली आणि टोंकी पडद्याआड अजून जिवंत होत्या. टोंकी २३ सप्टेंबरपर्यंत तग धरून होती. रक्षक जवळून गेला, की त्या दोघी शिकवलेले खेळ करून दाखवत असत असे म्हणतात, कारण खेळ केल्यावर खाऊ मिळतो एवढेच त्यांना माहीत होते.

वरच्या चर्चेत ‘विश्वास’ हा शब्द आला, तेव्हा मला हे आठवले. हत्ती विश्वास टाकतो तेव्हा त्याच्या हातात दुसरे काहीच नसते. रक्षकाच्या हातातही कित्येकदा काही नसते; चावी त्याच्याकडे, पण आदेश दुसऱ्याचा. मामांचे चावीचे वाक्य वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

युद्धानंतर, १९४९ साली, येथील मुलांच्या विनंतीवरून पंडित नेहरूंनी इंदिरा नावाची हत्तीण पाठवली. ती म्हैसूर भागातली होती आणि तिला कानडी आज्ञाच कळत होत्या. तिच्यासोबत आलेल्या माहुतांकडून उएनोचे रक्षक ते शब्द शिकले. तिने जपानी शिकावे यासाठी कोणी थांबले नाही, माणसांनी कानडी शिकली. ती १९८३ पर्यंत जगली.

वैनगंगाकाठ

हे वाचून सुन्न झालो. कानडी शिकणाऱ्या त्या रक्षकांना मनापासून नमस्कार. आमच्याकडे ‘मैल’, ‘धत’, ‘बैठ’ हे शब्द हत्तीसाठी आहेत; ते कोणत्या भाषेतले, हे कोणी विचारत नाही. ती माहूत आणि हत्ती यांची भाषा आहे.

मात्र माझ्या पहिल्या प्रतिसादात राहून गेलेली एक गोष्ट येथे नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. नर हत्ती मदावर आला, कानशिलांतून स्राव गळू लागला, की तो आपल्या माहुतालाही ओळख दाखवत नाही. मे २०२१ मध्ये ताडोबाच्या बोटेझरी कॅम्पमध्ये गजराज नावाच्या हत्तीच्या हल्ल्यात एका कर्मचाऱ्याचा जीव गेला. ज्याने आयुष्य हत्तींत काढले आहे, तो माहूत ‘हत्ती माझा आहे’ असे कधीच म्हणत नाही. ‘मी याच्यावर आहे’ एवढेच म्हणतो, आणि ‘यावर’ म्हणजे या कामावर.

प्राजक्ता_द

डॉक्टरांनी ‘नाही म्हणण्याची मुभा’ असे लिहिले, ते मला पटले. माझे मूळ मत बदललेले नाही; एकट्या हत्तिणीला ठेवू नये, आणि नवे हत्ती तर प्राणिसंग्रहालयात आणूच नयेत. पण औदुंबर, मामांनी व्रणाविषयी जे सांगितले, त्यानंतर मी त्यांच्याकडे फक्त ‘राखणदार’ म्हणून पाहू शकत नाही. त्यांनी जावे असे मला वाटते. तिच्याकडे यायचे की नाही, हे तिला ठरवू द्यावे.

औदुंबर (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हा धागा मी मामांना चार संध्याकाळी थोडा थोडा वाचून दाखवला. टोंकीची गोष्ट ऐकल्यावर ते उठून अंगणात गेले, आणि त्या दिवशी पुढे वाचले नाही.

काल, मंगळवारी, गर्दी नसताना आम्ही गेलो. मामांनी प्रवेशाचे तिकीट काढले. दारावरच्या माणसाने नको म्हटले, तरी काढले. कठड्यापासून बऱ्याच अंतरावर, कडुलिंबाच्या सावलीत ते उभे राहिले. हाक मारली नाही. ती पाठमोरी होती, गवताची पेंढी पायाखाली धरून सोंडेने उपटून खात होती. आम्ही अर्धा तास तसेच उभे होतो. एकदा तिने खाणे थांबवून सोंडेचे टोक आमच्या दिशेने उचलले आणि ते काही वेळ तसेच धरले. वारा आमच्याकडून तिच्याकडे जात होता. मग ती परत खाऊ लागली. तिने ओळखले का, हे मी सांगू शकत नाही. मामांना विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

ते तिच्या पायांकडे पाहत होते. ती वळली, तेव्हा ते दोन पावले पुढे सरकले आणि हळूच म्हणाले, “नखे छान ठेवली आहेत. मागच्या दोन्ही पायांवर सारखा भार देते आहे.” परतताना नवा रक्षक भेटला. त्याने आत येण्याचा आग्रह केला. मामा नको म्हणाले, आणि त्याला विचारले, की डावा पुढचा पाय शेवटी धुता ना? तो म्हणाला, “नाही, कोणी सांगितले नव्हते. त्या पायाला ती रोज अडते.”

घरी आल्यावर मामांनी माझ्या मुलीची एक कोरी वही मागून घेतली. डॉ. पळसमळा, आपण म्हणाला होता तशी नोंद आता सुरू झाली आहे. काल रात्री त्यांनी सांगितले आणि मी लिहिले:

डावा पुढचा पाय शेवटी घ्यावा, त्याआधी तिला पाय दाखवावा आणि थांबावे. पावसाळ्यात पहिले आठ दिवस पत्र्यावरच्या आवाजाने ती झोपत नाही, सकाळी घाई करू नये. पाणी ताजे असले तरी हौदाची कड आधी हाताने वाजवावी, मगच पिते. पोट दुखत असेल तर शेपूट एका बाजूला धरते. डाव्या कानामागे हात नेऊ नये.